बालकलाकार ते कलाकार: बाराव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंतची तयारी, क्रमाने

मूल आठ-दहा वर्षांचं असताना दोन चित्रपट, एक मालिका आणि काही जाहिराती होतात. तेराव्या वर्षी उंची वाढते, आवाज फुटतो आणि फोन यायचे थांबतात. मग घरात घाई सुरू होते: नवे फोटो, महागडी कार्यशाळा, जिम, कुणीतरी सुचवलेला 'लाँच'. सोळाव्या वर्षापर्यंत पैसा संपतो, दहावी जेमतेम होते, आणि अठराव्या वर्षी, खरी संधी मिळते तेव्हा हातात ना कागद असतात ना तालीम.

इथे चूक मेहनतीत नसते, क्रमात असते. मोठेपणीचं अभिनयाचं काम म्हणजे लहानपणीच्या कामाचा पुढचा भाग नव्हे. ते नवं काम असतं आणि त्याची सुरुवात नव्याने करावी लागते. उर्मिला मातोंडकर १९८३ च्या 'मासूम'मध्ये लहान मुलगी होती, 'नरसिम्हा'ची नायिका १९९१ मध्ये झाली. आफताब शिवदासानी १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'त होता, नायक म्हणून आला १९९९ मध्ये. मधली आठ-बारा वर्षं वाया गेली असं समजू नका. त्या वर्षांत काय करायचं, हाच या लेखाचा विषय आहे. महाराष्ट्रात राहणारे, मराठी-हिंदी चित्रपट आणि मालिकांत काम करणारे बालकलाकार व त्यांचे पालक डोळ्यांसमोर ठेवून हे टप्पे दिले आहेत.

टप्पा १. चालू कामाचे कागद नीट करा (वय १४ पर्यंत)

मोठेपणीची तयारी इथूनच सुरू होते, कारण या वयातले कागद पुढे लागतात आणि तेव्हा ते मिळत नाहीत.

बालकामगार कायद्यातली २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम मुलांना चित्रपट-मालिकांत काम करू देतात, पण अटींवर. परवानगी निर्मात्याने घ्यायची असते, आणि ती चित्रीकरण ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची. गोरेगावच्या चित्रनगरीसाठी मुंबई उपनगर, वाईच्या घाटावरच्या दृश्यासाठी सातारा. अर्धं चित्रीकरण मुंबईत आणि अर्धं वाईला असेल तर एका जिल्ह्याचा कागद दुसऱ्या जिल्ह्यात चालत नाही. निर्मात्याचं हमीपत्र सहा महिन्यांसाठी असतं. मालिका लांबली की ते पुन्हा करावं लागतं, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

बाकीच्या अटी पाठ असू द्या:

- दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती.
- सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही.
- पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती.
- शिक्षणात खंड पडू नये याची सोय निर्मात्याने करायची.
- मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर काम नाही. फक्त पालकांची 'हो' पुरत नाही.

मेकअप, कपडे आणि थांबण्याचा वेळ 'काम' नाही असं सेटवर सांगितलं जातं. पाच तास सेटवर पोहोचल्यापासून मोजा, आणि हे पहिल्या दिवशीच प्रॉडक्शन मॅनेजरशी बोलून घ्या. संध्याकाळी सहाला वाद घालण्यात अर्थ नसतो.

चौदा पूर्ण झाली म्हणजे सगळं मोकळं झालं, हाही गैरसमज आहे. चौदा ते अठरा या किशोरवयासाठी याच कायद्यात वेगळ्या तरतुदी आहेत: तीन तासांनंतर तासाभराची विश्रांती, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, आठवड्याला एक सुट्टी.

तपासणी: प्रत्येक कामाची एक फाइल हवी. त्यात परवानगीची प्रत, करारनामा, कॉल शीट (त्या दिवशी कुणी किती वाजता यायचं याचा कागद), पैसे आल्याची बँकेतली नोंद आणि प्रदर्शित कामाची लिंक. अठराव्या वर्षी मुलाचा अनुभव सिद्ध करणारा कागद हाच.

टप्पा २. पैसा मुलाच्या नावावर, हिशेब लेखी

नियमानुसार मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवा, आणि ती रक्कम सज्ञान झाल्यावर त्याला मिळते. दोन शब्द नीट वाचा. 'राष्ट्रीयीकृत': गावातली सहकारी बँक किंवा पतपेढी इथे चालत नाही. 'थेट': आधी वडिलांच्या खात्यात आणि मग सवडीने ठेवीत, असं नाही.

वीस टक्के ही कायद्याने सांगितलेली किमान मर्यादा आहे. पुरेशी रक्कम ती नव्हे. तेराव्या वर्षानंतर पाच-सहा वर्षं कमाई नसेल असं गृहीत धरा. आमचा स्पष्ट सल्ला: निम्म्याहून जास्त रक्कम मुलाच्या नावावरच ठेवा. प्रवास, कपडे, फोटो, शिकवणी यांसाठी वेगळं खातं करा आणि त्यातला प्रत्येक खर्च बिलासकट वहीत लिहा. या पैशावर घराचा हप्ता कधीही बांधू नका. तो बांधला की मुलाला 'नाही' म्हणता येत नाही, आणि नको त्या भूमिका स्वीकारल्या जातात.

आयकराची बाजू बहुतेक घरी उलटी समजलेली असते. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं इतर उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात धरलं जातं. स्वतःच्या कौशल्याने मिळवलेलं उत्पन्न मात्र मुलाचंच राहतं, आणि अभिनय त्यात येतो. म्हणून मुलाचं पॅन कार्ड काढा आणि त्याच्या नावाने विवरणपत्र भरा. निर्माता मानधनातून १० टक्के कर कापतो. विवरणपत्र भरलं नाही तर परत मिळू शकणारी रक्कम सरकारकडेच पडून राहते. त्या पैशाच्या ठेवीवरचं व्याज मात्र आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मोजलं जातं.

चूक: मानधन आईच्या पॅनवर घेणे. कापलेला कर आईच्या नावे दिसतो, मुलाच्या उत्पन्नाचा पुरावाच राहत नाही आणि अठराव्या वर्षी 'हे पैसे कुणाचे' हा प्रश्न घरात उभा राहतो.

टप्पा ३. जुनी कामं वेळेत मिटवा (वय १२-१३)

यावर फार कमी घरांत विचार होतो, आणि खर्च इथेच वाढतो. बारा-तेराव्या वर्षी चित्रीकरण आणि डबिंग यांत सहा महिने गेले तर मुलाचा आवाज बदललेला असतो. मुलग्यांचा आवाज साधारण १२ ते १५ या वयात फुटतो आणि जवळपास एका सप्तकाने खाली जातो. मग दुसऱ्या मुलाकडून डबिंग करून घेतात आणि तुमच्या मुलाचं निम्मं काम पुसलं जातं. मुलींचा आवाज दोन-तीन स्वरांनीच उतरतो, त्यामुळे हा धोका कमी.

उंचीचंही तसंच. वाढीच्या जोरात मुलगे वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर वाढतात. राहिलेलं पॅचवर्क, म्हणजे सुटलेल्या तुकड्यांचं चित्रीकरण, चार महिन्यांनी केलं तर आधीच्या दृश्यातला शर्ट मनगटाच्या वर येतो.

म्हणून अकराव्या वर्षानंतर काम घेताना हा क्रम ठेवा:

1. करारात 'डबिंग चित्रीकरण संपल्यापासून ४५ दिवसांत' अशी ओळ घाला. सिंक साउंड (चित्रीकरणातच आवाज घेणं) असेल तर तसं लिहून घ्या.
2. पॅचवर्कचे दिवस आधीच मोजून घ्या. 'लागेल तसं' ही भाषा स्वीकारू नका.
3. पुढच्या भागाचं बंधन, दोन-तीन वर्षांची एकाच निर्मात्याशी बांधिलकी, असं काहीही सही करू नका.
4. तेरावं वर्ष संपेपर्यंत उरलेली येणी वसूल करा. मालिकांमध्ये काम केल्यानंतर साधारण ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत आहे. त्याहून उशीर झाला की लेखी पाठपुरावा सुरू करा.

वसुलीचा मुद्दा गंभीर आहे. भारतीय कायद्यात अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो. १९४९ च्या राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात वडिलांनी अज्ञान मुलीच्या चित्रपटातल्या भूमिकेसाठी करार केला होता. भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीला गेली. तेव्हा मुलीलाही आणि वडिलांनाही त्या करारावर दावा करता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला. व्यवहारात याचा अर्थ असा: मुलाचे पैसे कामाआधी टप्प्याटप्प्याने घ्या. सही करताना एक भाग, पहिल्या दिवसाआधी एक भाग आणि शेवटचा भाग डबिंगच्या आधी. कामानंतर उरलेल्या मोठ्या रकमेसाठी कोर्टात जाऊ, या भरवशावर राहू नका.

टप्पा ४. मधली वर्षं (वय १३ ते १७)

सगळ्यात लांब आणि सगळ्यात जास्त बिघडणारा टप्पा. या वयात काम मिळत नाही याचं कारण अभिनय बिघडला हे नसतं. लहान मुलाच्या भूमिकेला मूल मोठं दिसतं. शाळकरी प्रेमकथेतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या भूमिकेसाठी निर्माते अठरा पूर्ण झालेला, पण लहान दिसणारा कलाकार शोधतात, कारण त्याला तासांची आणि परवानगीची बंधनं नसतात. तुमच्या मुलालाही अठराव्या वर्षी हाच फायदा मिळणार आहे. तोवर दार ठोठावत बसू नका.

आवाज. आवाज फुटत असताना ओरडणं, घसा खाकरणं, जुन्या पट्टीत गाण्याचा हट्ट, मिमिक्री हे सगळं बंद. पाणी भरपूर, झोप पूर्ण. रोज पंधरा-वीस मिनिटं सहज पट्टीत मोठ्याने वाचन करावं: वर्तमानपत्रातला अग्रलेख, मग नाटकातलं स्वगत. वर्ष-दीड वर्षानंतरही आवाज बारीकच राहिला किंवा मध्येच चिरकत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. वाचा-उपचाराने तो बहुधा सुधारतो. आवाज 'आपोआप बसेल' म्हणत वीस वर्षांपर्यंत थांबू नका.

शरीर. दातांच्या तारा याच वर्षांत लावा. त्यांना साधारण दीड ते दोन वर्षं लागतात आणि सतराव्या वर्षी फोटो काढायच्या आत त्या निघायला हव्यात. पोहणं, योगासनं, मल्लखांब, कथक किंवा लोकनृत्य यातलं एक नियमित धरा. पंधराव्या वर्षी प्रोटीनचे डबे आणि जड वजनं नकोत. उंचीची औषधं, गोरेपणाची क्रीम यांच्या वाटेला जाऊच नका. स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमने खराब झालेली त्वचा कॅमेऱ्यात लगेच दिसते.

शाळा. दहावी-बारावी नियमित झाली तर उत्तम. हजेरी शक्यच नसेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय हे दोन मार्ग आहेत. १७ नंबरच्या फॉर्मची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, म्हणून शैक्षणिक वर्ष सुरू होताच चौकशी करा. पदवी सोडू नका, आणि याचं कारण केवळ पोटापाण्याची सोय हे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचा दोन वर्षांचा अभिनयाचा पदविका अभ्यासक्रम, दोन्हींना पदवी लागते. बारावीनंतर थेट शिकायचं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे.

नाटक. बालकलाकाराला सवय असते ती 'इथे बघ, हे वाक्य बोल, आता हस' या सूचनांची. दिग्दर्शक त्याच्या निरागसपणाचा वापर करतो आणि त्यात चूक काही नाही. पण सतराव्या वर्षी निरागसपणा उरत नाही आणि भूमिका स्वतः बांधता येत नाही. ही उणीव तालमीच्या खोलीतच भरून निघते. शाळेत असताना राज्य बालनाट्य स्पर्धा, कॉलेजात गेल्यावर पुरुषोत्तम, फिरोदिया, सवाई यांसारख्या स्पर्धांच्या एकांकिका. मुंबई-पुण्यापासून लांब असाल तर राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी आपल्या शहरातली हौशी संस्था शोधा. पहिल्या वर्षी मुलाला भूमिका मिळाली नाही तरी चालेल. प्रकाशयोजना सांभाळणं, प्रॉम्प्टिंग, नेपथ्य उचलणं हे करू द्या. पोस्टरवर नाव बघायची सवय असलेल्या मुलाला ते जड जातं. तरी संस्थेत फोन करून 'तो अमुक चित्रपटात होता' असं सांगू नका. त्या एका फोनने बरोबरीची मुलं दुरावतात.

इशारा: अठरा पूर्ण होईपर्यंत लैंगिक आशयाचं कोणतंही दृश्य, फोटोशूट किंवा त्यासाठीची ऑडिशन नाही. पॉक्सो या, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्यात पालकांची संमती ग्राह्य धरली जात नाही. 'फक्त लुक टेस्ट आहे' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

तपासणी: मूल झोपत नाही, मित्र टाळतं, आरशासमोर तासन्‌तास उभं राहतं किंवा जुन्या मुलाखती पुन्हा पुन्हा बघतं, असं दोन आठवडे चाललं तर समुपदेशकाकडे न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. काम थांबलं म्हणजे आपण नापसंत झालो, असं मुलाला वाटत असतं. ते तसं नाही, हे घरातून स्पष्ट शब्दांत आणि वारंवार सांगावं लागतं.

टप्पा ५. सार्वजनिक ओळख शांत ठेवा

पालकांनी चालवलेलं इन्स्टाग्राम खातं बंद करायची गरज नाही. पण चौदाव्या वर्षी 'आठवतोय का हा गोड छोटू?' अशा पोस्ट थांबवा. कास्टिंग करणारे खातं बघतात आणि वर सहा वर्षांचा चेहरा दिसला की तोच डोक्यात बसतो. जुनं काम एका हायलाइटमध्ये ठेवा, बाकी भाग साधा राहू द्या. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, रोजची ये-जा दाखवणारे व्हिडिओ काढून टाका. पैसे घेऊन केलेल्या जाहिराती या वर्षांत नकोतच.

टप्पा ६. अठरावा वाढदिवस: आधी बँक, मग स्टुडिओ

वाढदिवसानंतरच्या पहिल्या महिन्यात हे याच क्रमाने:

1. आधार अद्ययावत आहे का बघा. पंधराव्या वर्षीचं बोटांच्या ठशांचं नूतनीकरण राहिलं असेल तर पुढचं सगळं अडतं.
2. पॅन. अज्ञान व्यक्तीच्या कार्डावर फोटो आणि सही नसते. अर्ज करून दोन्ही घालून घ्या. क्रमांक तोच राहतो.
3. बँक खातं अज्ञानावरून सज्ञान करा. नवी केवायसी, नमुना सही. हे होईपर्यंत खात्यातले व्यवहार बँक थांबवू शकते.
4. ठेवी मुलाच्या ताब्यात द्या आणि टप्पा २ मधली वही त्याच्यासमोर उघडा. किती आले, कुठे गेले, किती उरले. हा हिशेब अवघड वाटतो म्हणून टाळला जातो, आणि पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात.
5. जुने करार तपासा. अज्ञानपणी झालेला करार अठरानंतर नुसत्या 'मान्य आहे' या सहीने जिवंत होत नाही. काम पुढे चालू असेल तर नवा करार लागतो, आणि नवे दरही तेव्हाच ठरवायचे.
6. पडद्यावरचं नाव नक्की करा. 'मास्टर', 'बेबी', 'बालकलाकार' हे शब्द सगळीकडून काढा. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींतलं स्पेलिंग एकच ठेवा.

पालकांनी व्यवस्थापक राहायचं का? सहा महिने सोबत राहा, नंतर कामाचे फोन मुलालाच घेऊ द्या. एकोणीस वर्षांच्या कलाकाराच्या मानधनाची बोलणी आई करते तेव्हा समोरचा त्याला अजून लहानच समजतो.

टप्पा ७. नवे फोटो, नवा व्हिडिओ, ऑडिशन

पोर्टफोलिओवर लाखभर रुपये घालवू नका. लागतात ते इतकेच: चेहरा समोरून, डावी-उजवी बाजू, पूर्ण उंची. साधे कपडे, फिल्टर नाही, मेकअप जवळजवळ नाही. हनुवटी अजून बदलत असते, म्हणून सहा महिन्यांनी फोटो पुन्हा काढा.

सेल्फ टेपची (घरी स्वतः चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनची) रीत:

- फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. चौकट छातीपासून वर.
- मागे साधी भिंत, उजेड खिडकीचा आणि समोरून. पंखा बंद.
- समोरची वाक्यं वाचणारी व्यक्ती कॅमेऱ्याला लागून उभी असावी, आवाज कलाकारापेक्षा हळू.
- ओळख वेगळी, २०-३० सेकंदांची: नाव, वय, उंची, शहर, भाषा. मग दोन्ही बाजू.
- फाइलचं नाव: नाव, वय, उंची, भूमिका. 'फायनल नवीन २' अशा नावाची फाइल शोधायला कुणाला वेळ नसतो.

लहानपणच्या कामाचा उल्लेख अनुभवाच्या यादीत एका ओळीत. ऑडिशनच्या खोलीत 'मला ओळखलंत का?' हा प्रश्न कधीही विचारू नका. ओळखलं तर ते जुन्या चेहऱ्याशी तुलना करतात, आणि नाही ओळखलं तर तुमचाच आवाज पडतो.

मराठी कलाकारांनी इथे एक गोष्ट वेगळी करावी. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोल्हापुरी, यातली जी बोली घरची आहे तिचा एक वेगळा व्हिडिओ ठेवा. नसलेली बोली येते असं लिहू नका, दोन वाक्यांत उघडं पडतं.

इशारा: ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, 'कार्ड' काढण्यासाठी किंवा भूमिका पक्की करण्यासाठी पैसे मागणारा माणूस काम देत नाही. अपवाद नाही. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत नसते. ऑफिसचा पत्ता आणि प्रकल्पाचं नाव आधी निर्मिती संस्थेकडून तपासून घ्या.

टप्पा ८. पहिला सज्ञान करार

आता सही कलाकाराची आहे आणि ती कायद्याने बांधते, म्हणून वकिलाकडून एकदा वाचून घ्या. नेमकं हे बघा:

- पैसे कधी, किती हप्त्यांत, उशीर झाल्यास काय.
- 'एक्सक्लुझिव्ह' (दुसरीकडे काम करायचं नाही) हा शब्द किती महिन्यांसाठी आणि कोणत्या माध्यमांसाठी आहे. दैनंदिन मालिकेत तो असतोच. तीन वर्षं आणि सर्व माध्यमं असेल तर सही नको.
- करार तोडायचा हक्क फक्त निर्मात्याला आहे का. पूर्वसूचनेची मुदत दोघांना सारखी हवी.
- डबिंग आणि प्रसिद्धीचे दिवस मानधनात धरलेत का, किती दिवस.
- चेहरा आणि आवाज यांचा संगणकीय वापर. 'कोणत्याही तंत्राने, कायमस्वरूपी' अशी ओळ असेल तर ती त्याच प्रकल्पापुरती करून घ्या. लहानपणच्या चित्रफितींवरून आवाज-चेहरा तयार करायची मुभा चुकूनही देऊ नका.

मालिकेची पाळी सज्ञान कलाकारासाठी साधारण बारा तासांची असते. पाच तासांची सवय असलेल्या मुलाला पहिला महिना झेपत नाही. त्या महिन्यात कॉलेजची परीक्षा ठेवू नका. मुंबईत काम करायचं असेल तर कलाकारांच्या संघटनेचं, सिन्टाचं, सदस्यत्व घ्या. थकलेल्या पैशांच्या तक्रारीला तिथे दाद मागता येते. वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे जायला लागली की जीएसटी नोंदणी करावी लागते, म्हणून पहिल्याच वर्षी हिशेबनीस नेमा.

टप्पा ९. दोन वर्षांचं मोजमाप

अठरा ते वीस या काळात भूमिका मोजू नका, त्या हातात नसतात. महिन्याला किती ऑडिशन दिल्या, त्यांतल्या किती ठिकाणांहून दुसऱ्या फेरीला बोलावलं, वर्षात किती प्रयोग केले, हे लिहा. दुसऱ्या फेरीला बोलावणं येत असेल तर दिशा बरोबर आहे, फक्त वेळ लागतो आहे. वर्षभर पहिल्याच फेरीत थांबत असेल तर फोटो बदलून उपयोग नाही, अभिनयाचं शिक्षण अपुरं आहे. विसाव्या-एकविसाव्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षात असताना नाट्यशाळेच्या प्रवेशाची तयारी सुरू करा.

आणि मुलाला हे काम आता नको असेल तर? हा प्रश्न चौदाव्या, सोळाव्या आणि अठराव्या वर्षी त्याला स्वतःहून, एकट्याला बसवून विचारा. संकलन, ध्वनी, सहायक दिग्दर्शन, लेखन या वाटा सेटवर वाढलेल्या मुलाला इतरांपेक्षा लवकर कळतात. किंवा तो वाणिज्य शाखेत जाऊन सनदी लेखापाल होईल. टप्पा २ मधल्या ठेवी त्या शिक्षणालाही तितक्याच चालतात.